जुन्या डेनिमची पिशवी

जुन्या डेनिमची पिशवी म्हणजे जीन्स, जॅकेट, स्कर्ट यांसारख्या वापरून जुन्या झालेल्या डेनिमच्या कपड्यांपासून शिवलेली पिशवी होय. कपड्याचे मजबूत राहिलेले भाग कापून व एकमेकांना जोडून ती तयार करतात. कापड जाड व चिवट असल्यामुळे बाजारहाट, पुस्तके आणि अवजारे वाहण्यासाठी ती उपयोगी पडते. टाकाऊ वस्तूला नवा उपयोग देणाऱ्या अपसायकलिंग या पद्धतीचे हे एक परिचित उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

डेनिम हे तिरप्या विणीचे सुती कापड आहे. त्यात सामान्यतः ताण्याचे म्हणजे उभे धागे निळीने रंगवलेले आणि बाण्याचे म्हणजे आडवे धागे पांढरे असतात. त्यामुळे कापडाची आतली बाजू फिकट दिसते. फ्रान्समधील नीम शहराच्या नावावरून ‘डेनिम’ हा शब्द आला असे मानले जाते. जाड सुती कापडासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईतील डोंगरी या भागाच्या नावाशी जोडला जातो.

जेकब डेव्हिस हे शिंपी आणि लिव्हाय स्ट्रॉस हे व्यापारी यांना २० मे १८७३ रोजी अमेरिकेत एक पेटंट मिळाले. कामगारांच्या पँटच्या खिशांवर जेथे ताण पडतो, तेथे धातूचे रिवेट बसवण्याची पद्धत त्यात होती. ताणाच्या जागा भक्कम करण्याचे हेच तत्त्व पिशवी शिवतानाही लागू पडते.

जुन्या वस्त्रांपासून नवी वस्तू शिवण्याची परंपरा महाराष्ट्रात गोधडीच्या रूपाने आढळते. जुनी लुगडी व धोतरे यांचे थर धावदोऱ्याने शिवून ती करतात.

कापडाची निवड

जीन्स प्रामुख्याने गुडघ्यांवर, बुडाशी आणि मांड्यांच्या आतील बाजूस झिजते. कापड उजेडासमोर धरल्यास विरलेल्या जागा दिसून येतात. पोटरीकडील भाग बहुधा मजबूत राहिलेला असतो. ताणले जाणारे धागे मिसळलेले डेनिम वजनाने लोंबते; असे कापड खिशांसाठी वापरतात किंवा त्याला न ताणणाऱ्या कापडाचे अस्तर लावतात.

कृती

कपडा धुऊन वाळवल्यावर पायाची एका बाजूची शिवण उसवून कापड उलगडतात. मध्यम आकाराच्या पिशवीसाठी सुमारे ३५ × ४० सेंमीचे दोन तुकडे कापतात. त्यातच चारही बाजूंना १.५ सेंमी माया धरलेली असते. उभे धागे पिशवीच्या उंचीच्या दिशेने ठेवल्यास तिचा आकार टिकतो.

बाहेरचा खिसा हवा असल्यास तो आधीच शिवून घेतात. त्यानंतर दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून तळ व बाजू शिवतात. तळाच्या कोपऱ्यात बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून टोकापासून ४ ते ५ सेंमी अंतरावर आडवी टीप मारली, की तळाला रुंदी येते. तोंडाची कड दोनदा दुमडून शिवतात.

बंदांसाठी ८ सेंमी रुंद पट्टीच्या दोन्ही कडा मध्यावर आणतात व पट्टी पुन्हा दुमडून २ सेंमीची करतात. पिशवीचा सर्व भार बंदांच्या जोडावर येतो. म्हणून बंदाचे टोक तोंडाच्या कडेखाली ३ ते ४ सेंमी नेऊन तेथे चौकोनी टीप आणि चौकोनात फुलीची टीप घालतात. पिशवी निकामी होते ती बहुतेक वेळा याच जागी.

शिवणयंत्रावर ९० ते १०० क्रमांकाची जीन्ससाठीची सुई, पॉलिएस्टरचा दोरा आणि ३ ते ३.५ मिमी लांबीचा टाका योग्य ठरतो. शिवणी एकावर एक येतात तेथे कापड हातोडीने ठोकून चपटे करतात आणि यंत्राचे चाक हाताने फिरवतात. रिवेटवरून शिवल्यास सुई मोडून डोळ्यांना इजा होऊ शकते. हाताने शिवताना उलटी टीप घालतात व बोटात अंगुस्तान वापरतात.

पर्यावरणीय महत्त्व

लिव्हाय स्ट्रॉस कंपनीच्या २०१५ मधील अभ्यासानुसार एका जीन्सच्या संपूर्ण जीवनचक्रात सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागते. त्यातील ६८ टक्के पाणी कापसाच्या शेतीसाठी खर्च होते. ब्रिटनमधील एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमानवाढीवरील परिणाम एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा कमी ठरण्यासाठी नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. जुन्या कपड्याच्या पिशवीसाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही, हा तिचा मुख्य लाभ होय. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातल्यानंतर राज्यात कापडी पिशव्यांची गरज वाढली.

मर्यादा

ही पिशवी वजनाला जड असते आणि धुतल्यावर सावकाश वाळते. गडद निळ्या कापडाचा रंग फिकट कपड्यांना लागू शकतो, म्हणून ती वेगळी धुतात. अंगात घालण्याजोगी जीन्स पिशवीसाठी कापल्यास आणि तिच्या जागी नवी विकत घेतल्यास पुनर्वापराचा हेतू साध्य होत नाही.

हेसुद्धा पाहा

गोधडी
अपसायकलिंग
नीळ