टॅटूइन : कुणापासून दूर?

‘स्टार वॉर्स’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. निदान मुलांच्या हट्टापायी तरी. त्यात ल्यूक स्कायवॉकर वाढतो तो टॅटूइन ग्रह आठवून पाहा. आकाशात दोन सूर्य, खाली वाळू, आणि हवेतला ओलावा गोळा करून जगणारे शेतकरी. ल्यूकची तक्रार एकच : आपण सगळ्या जगापासून फार लांब आहोत.

हे नाव आलं दक्षिण ट्युनिशियातल्या ततावीन गावावरून. मार्च १९७६ मध्ये जॉर्ज लुकास यांनी चित्रीकरण सुरू केलं ते याच देशात. ल्यूकचं घर बाहेरून दिसतं ते नेफ्ताजवळच्या मिठाच्या सरोवरावर. आतला खोलगट चौक मात्र तिथून बराच दूर, मातमाता गावातला.

ततावीनवर ‘लांबचं’ हा शिक्का सिनेमाच्या आधीच बसला होता. १८८१ ते १९५६ ट्युनिशियावर फ्रान्सचा अंमल होता. गुन्ह्यांची शिक्षा भोगलेल्या तरुणांच्या खास पलटणी फ्रेंच सैन्य या भागात ठेवत असे. त्यामुळे फ्रेंच बोलीत ततावीन म्हणजे जगाचं टोक. थोडक्यात, हे अंतर पॅरिसहून मोजलेलं होतं.

तिथल्या माणसांनी आपल्या गावाला काय म्हटलं होतं? अमाझिग भाषेत या नावाचा अर्थ ‘डोळे’, आणि ‘पाण्याचे झरे’सुद्धा! मातमाताच्या डोंगरातले शेतकरी ओढ्यांच्या घळीत एकाखाली एक मातीदगडाचे बांध घालतात. वर्षातून मोजके दिवस पडणारा पाऊस आणि त्याबरोबर वाहून येणारी माती तिथे अडते, आणि त्यावर ऑलिव्ह नि अंजीर पिकतात. माणदेशात वाढलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जमिनीत खोल चौक खणून भोवती कोरलेल्या खोल्या उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राहतात.

ततावीनच्या परिसरातले ‘क्सार’ म्हणजे गावाची सामायिक कोठारं. एकावर एक रचलेल्या कमानदार खोल्या, आणि त्यांत प्रत्येक कुटुंबाचं धान्य व तेल. जणू गावाची बँकच. १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये यांतलाच क्सार हदादा गुलामांची वस्ती म्हणून दिसतो. साठवणीची जागा पडद्यावर दारिद्र्याची खूण झाली.

या चित्रपटांमुळे पर्यटक आले, हेही खरं. मातमातातलं ते घर म्हणजे सिदी द्रिस हॉटेल. आजही लोक ते पाहायला जातात. मात्र बरीच कुटुंबं खालच्या नव्या मातमातात राहायला गेली. ततावीन भागातून तर कित्येक पिढ्या कामासाठी बाहेर पडल्या. घोमरासनचे लोक ट्युनिस आणि पॅरिसमध्ये तळलेले, भज्यांसारखे पदार्थ विकण्यासाठी प्रसिद्ध आहेत. ज्या पॅरिसला त्यांचं गाव जगाचं टोक वाटलं, तिथेच त्यांनी दुकान थाटलं. त्यांच्या हिशेबात लांब होतं ते पॅरिस.

“तुमचं गाव नक्की कुठे येतं?” हा प्रश्न आपल्यालाही परदेशात विचारला जातो, आणि आपण घाईघाईने “मुंबईपासून इतके तास” असं उत्तर देतो. पुढच्या वेळी मुलांबरोबर हा चित्रपट पाहाल, तेव्हा त्या खोलगट चौकाच्या दृश्यावर क्षणभर थांबा. हे खरं घर आहे, ते कुणी खणलं आणि तिथे पाणी कसं साठवतात, एवढं मुलांना सांगा. मग आपल्या गावाचा पत्ताही सांगा. या वेळी मुंबईपासून न मोजता.