सागरी एंजिनाची विद्युत व नियंत्रण यंत्रणा : देखभाल व दोषशोधन

नौकेचे डिझेल एंजिन सुरू करणारी, त्यावर लक्ष ठेवणारी व ते थांबवणारी यंत्रणा. बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, संवेदक, स्टॉप सोलेनॉइड आणि नव्या एंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हे तिचे मुख्य भाग होत. मुंबईचा ससून डॉक, रत्नागिरीचे मिरकरवाडा अशा बंदरांतील यांत्रिक मासेमारी नौकांवर ही यंत्रणा साधारणतः १२ किंवा २४ व्होल्टची असते.

खाऱ्या हवेमुळे जोडण्या गंजतात; बहुतेक दोषांचे मूळ तेथेच असते. म्हणून कथिलाचा लेप दिलेल्या तांब्याच्या तारा वापरतात.

सुरक्षा : काम करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व शेवटी जोडावे. चार्जिंगवेळी हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. चालू एंजिनावर बॅटरी तोडल्यास अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

दोषशोधन : पूर्ण भारित १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी स्थिर स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. एंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट अपेक्षित असतात. स्टार्टर फिरताना विद्युत दाब ९.६ व्होल्टखाली गेल्यास बॅटरी किंवा जोडणी तपासावी. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांना जोडणाऱ्या दोन तारांच्या कॅन (CAN) संदेशजालातील वीज बंद करून त्या तारांमधील रोध मोजल्यास तो सुमारे ६० ओहम यावा, कारण जालाच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात.

फ्यूज वारंवार उडत असल्यास मोठा फ्यूज बसवू नये. आधी कारण शोधावे. पावसाळी मासेमारीबंदीचा काळ या यंत्रणेच्या तपासणीस सर्वांत सोयीचा असतो.