मॅगी गोरेंग

मलेशिया व सिंगापूर येथील परतलेल्या झटपट नूडल्सचा रस्त्यावरचा पदार्थ. तमिळ मुस्लिमांच्या, रात्रभर चालणाऱ्या ‘मामक’ खानावळींत तो मागणीनुसार लगेच करून मिळतो. नूडल्स अर्धवट उकडून निथळून घेतात. मग मोठ्या आचेवर खोलगट कढईत लसूण, मिरचीचे वाटण, सोया सॉस, अंडे, कोबी, टोफू व पाकिटातला मसाला घालून झपाट्याने परततात. वर लिंबू पिळतात. नूडल्स पूर्ण शिजू न देणे हेच खरे कसब. जास्त उकडल्या तर परतताना त्यांचा लगदा होतो.

झटपट नूडल्स जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी १९५८ मध्ये आणल्या. भारतात नेस्ले कंपनीची मॅगी १९८३ च्या सुमारास आली. महाराष्ट्रात ती परतण्याऐवजी बहुधा मसाल्याच्या पाण्यातच शिजवतात. सिंहगड, लोणावळा येथील टपऱ्यांवर पावसाळ्यात कांदाभजीच्या शेजारी तिला हक्काची जागा मिळाली आहे. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची घातलेली ही मॅगी म्हणजे मॅगी गोरेंगची जवळची नातलगच.

शिसे व मोनोसोडियम ग्लुटामेटच्या वादातून जून २०१५ मध्ये बंदी येऊन देशभर मॅगीची विक्री थांबली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचे आदेश रद्द केले व तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी सांगितली. कंपनीला आपली बाजू मांडण्याची संधी न देणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, हा निकालातील महत्त्वाचा मुद्दा होता. नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.