झेंडा आधी, सही नंतर
अमेरिकेचा झेंडा इतका रेखीव आहे, की तो कुणा राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर मोजूनमापून ठरला असेल असे वाटावे. इतिहास मात्र उलटा आहे: झेंडा लोकांच्या हातांनी घडला, सरकारी शिक्का मागाहून बसला. यावर आक्षेप ठरलेला आहे. १४ जून १७७७ चा काँग्रेसचा ठराव सरकारीच नव्हता का? होता. पण त्यात तेरा पट्टे आणि निळ्या रंगावर तेरा तारे एवढेच सांगितले होते. तारे कसे मांडायचे, झेंड्याची लांबी-रुंदी किती, याबद्दल चकार शब्द नव्हता. म्हणून कुणी तारे वर्तुळात शिवले, कुणी ओळींत. ताऱ्यांची मांडणी आणि झेंड्याची मापे ठरवून देणारा आदेश राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी काढला, तो थेट १९१२ साली.

बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल या झेंडे शिवणाऱ्या बाईंनी १८१३ साली फोर्ट मॅकहेन्रीसाठी झेंडा शिवला. तीस फूट बाय बेचाळीस फूट! एकेक तारा दोन फुटांचा. घरात एवढे कापड पसरायला जागा नव्हती, म्हणून ते जवळच्या दारूभट्टीच्या जमिनीवर अंथरले. मदतीला घरातल्या मुली होत्या आणि कराराने बांधलेली ग्रेस विशर ही कृष्णवर्णीय मुलगीही. सप्टेंबर १८१४ मध्ये इंग्रजांचा रात्रभराचा तोफमारा सोसून सकाळी किल्ल्यावर झेंडा फडकताना दिसला आणि फ्रान्सिस स्कॉट की यांना कविता सुचली. ती लोकांच्या तोंडी केव्हाच बसली होती. तिला राष्ट्रगीत ठरवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांची सही झाली १९३१ मध्ये. ग्रेसचे नाव त्या झेंड्याच्या गोष्टीत फार उशिरा आले, आणि ही गोष्ट मला सहीच्या उशिरापेक्षा जास्त सलते.

मग राष्ट्राध्यक्ष काय फक्त सहीचे धनी? तसे म्हटले तर लिंकनवर अन्याय होईल. २२ फेब्रुवारी १८६१ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ अजून व्हायची असताना, त्यांनी फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलपुढे स्वतः दोरी ओढून चौतीस ताऱ्यांचा झेंडा चढवला. दक्षिणेतली राज्ये तेव्हा एकेक करून फुटत होती. पुढे यादवी युद्धभर त्या राज्यांचा एकही तारा झेंड्यावरून काढला नाही. उलट ४ जुलै १८६३ ला वेस्ट व्हर्जिनियाचा पस्तिसावा तारा चढला. संघराज्यातून बाहेर पडण्याचा हक्क कुणालाच नाही, हा लिंकन यांचा दावा प्रत्येक पलटणीच्या झेंड्यावर असा शिवलेला होता. कापड लोकांचे होते, पण त्या वेळी त्याचा अर्थ राष्ट्राध्यक्षाने राखला.

१९५९ साली पन्नास ताऱ्यांची मांडणी हवी होती, तेव्हाही हजारो नागरिकांनी आपापली चित्रे पाठवली. आयझेनहॉवर यांनी सहा आणि पाच ताऱ्यांच्या आलटून-पालटून नऊ ओळींवर शिक्का मारला. ४ जुलै १९६० पासून तोच झेंडा चालू आहे.