वेशीवरचा राखणदार

खेळाचा इतिहास आपल्याकडे इतिहास म्हणून फारसा लिहिला गेलेला नाही. राजे लढले, संतांनी लिहिले, पुढाऱ्यांनी चळवळी केल्या, एवढ्यालाच आपण इतिहास म्हणत आलो. परंतु मैदानात कोणाला उतरू दिले, कोणते काम त्याच्याकडे सोपवले आणि खेळ संपल्यावर त्याला कोठे बसवले, या प्रश्नांच्या उत्तरात समाजाची सारी रचना उघडी पडते. आपण मराठवाड्यातल्या दलित वाचकांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कविता आपली मानली, त्यांची आत्मकथने आपली मानली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या समाजाच्या खेळाडूंकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही. म्हणून मी येथे कॅनडाच्या एका गोलरक्षकाची कारकीर्द मांडतो आहे. त्याचे नाव ग्रँट फ्यूर आणि त्याचा खेळ आइस हॉकी.

फुलंब्रीच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवर आणि गोळ्याच्या गाडीवर. पण गोलरक्षकाचे काम आम्हाला परके नाही. माझ्या आजोबांनी गावात वेसकरकी केली. रात्री वेशीवर निजायचे, आल्यागेल्याची खबर पाटलाला द्यायची, शिवेचा तंटा निघाला की साक्षीला उभे राहायचे आणि याच्या मोबदल्यात दारोदार भाकर मागायची. साऱ्या गावाची राखण ज्याच्या भरवशावर, त्याचे घर मात्र वेशीबाहेर. राखणदारी आणि बहिष्कार एकाच माणसाच्या वाट्याला देण्याची ही युक्ती वर्णव्यवस्थेने शतकानुशतके चालवली. ती फक्त आपल्याच मातीत होती काय, हे तपासण्यासाठी कॅनडाकडे पाहिले पाहिजे.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेल्या अनेक काळ्या कुटुंबांचे वंशज तेथे राहत होते. १८९५ साली हॅलिफॅक्स शहरात काळ्यांच्या बॅप्टिस्ट चर्चमधील पुढाऱ्यांनी आपल्या तरुणांसाठी आइस हॉकीची स्वतंत्र स्पर्धा-संघटना उभी केली. गोऱ्यांचा हंगाम आटोपला आणि बर्फ पातळ व्हायला लागला, की मग यांना मैदान मिळे. पाणवठ्यावर सवर्णांचे भरून झाल्यावर पाण्याची वाट पाहणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

याच संघटनेत डार्टमथ ज्युबिलीज नावाचा संघ होता आणि हेन्री फ्रँकलिन हा त्याचा गोलरक्षक होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा गडी गोल वाचवण्यासाठी बर्फावर अंग टाकत असे, अशी नोंद इतिहासकारांनी केली आहे. त्या काळी गोऱ्यांच्या हॉकीत गोलरक्षकाने उभ्यानेच गोल राखावा असा दंडक होता. १९१७ साली नॅशनल हॉकी लीग ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली, तेव्हाही हा नियम कायम होता. क्लिंट बेनेडिक्ट नावाचा गोरा गोलरक्षक पुन:पुन्हा खाली पडू लागला, म्हणून जानेवारी १९१८ मध्ये तो नियम बदलण्यात आला. खेळाच्या प्रचलित इतिहासात श्रेय बेनेडिक्टला मिळाले. फ्रँकलिनचे नाव पुढची अनेक दशके कोणी घेतले नाही.

या संघटनेतला आणखी एक संघ आफ्रिकव्हिल या वस्तीचा होता. हॅलिफॅक्सच्या कडेची ही काळ्यांची वस्ती. तेथले लोक शहराला कर देत, पण नळ आणि गटारे त्यांच्यापर्यंत कधी आली नाहीत. शहराचा उकिरडा मात्र त्यांच्या शेजारी आणून टाकला. १९६० च्या दशकात सुधारणेच्या नावाखाली ती वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. काही कुटुंबांचे सामान कचऱ्याच्या गाड्यांतून हलवले गेले. २०१० साली शहराने माफी मागितली. गावकुसाबाहेरची वस्ती, तिच्या शेजारचा उकिरडा आणि तिच्या पोरांना उरलासुरला बर्फ, ही सारी एकाच व्यवस्थेची अंगे होती.

नॅशनल हॉकी लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १८ जानेवारी १९५८ रोजी. तो म्हणजे बोस्टनचा विली ओ'री. तोपर्यंत लीगला चाळीस वर्षे झाली होती. ग्रँट फ्यूर त्यानंतरच्या पिढीचा. २८ सप्टेंबर १९६२ रोजी जन्मलेल्या या मुलाच्या जन्मदात्यांपैकी एक काळा होता, एक गोरा. अल्बर्टा प्रांतातल्या स्प्रूस ग्रोव्ह या गावच्या एका गोऱ्या दांपत्याने त्याला दत्तक घेतले. १९८१ साली एडमंटन ऑयलर्स या संघाने त्याला निवडले. नव्या खेळाडूंच्या त्या वर्षीच्या निवडीत त्याचा क्रमांक आठवा होता.

हा खेळ थोडा समजून घेतला पाहिजे. बर्फावर प्रत्येक बाजूचे सहा जण असतात. चेंडूऐवजी रबराची घट्ट, चपटी चकती असते, तिचे वजन सुमारे १७० ग्रॅम. ती ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकते. गोलाची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. एडमंटनचा संघ सतत चढाई करणारा होता. वेन ग्रेट्झ्की आणि त्याचे सोबती पुढे धावत, आणि मागे मोकळ्या राहिलेल्या जागेत फ्यूर एकटा उभा असे. संघाला बेधडक पुढे जाता आले, कारण मागचा माणूस भरवशाचा होता. जमावाने गोल केले की पेपरात नावे पुढच्यांची छापून येतात. राखणारा दिसतो तो चुकला तरच. वेसकराचेही तसेच होते. चोरी झाली नाही त्या रात्रींची बक्षिसी त्याला कोणी दिली नाही.

१९८४ साली एडमंटनने स्टॅन्ली कप जिंकला आणि हा कप जिंकणारा फ्यूर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पुढे १९८५, १९८७, १९८८ आणि १९९० साली संघाने तो पुन्हा मिळवला. १९८७ च्या कॅनडा कप स्पर्धेत सोव्हिएत संघाविरुद्ध अंतिम फेरीचे तीन सामने झाले, तिन्ही ६-५ असे सुटले, आणि कॅनडाची गोलचौकट फ्यूरनेच राखली. १९८७-८८ च्या हंगामात तो ८० पैकी ७५ सामने खेळला आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना सन्मान त्याला मिळाला.

त्याच्या आयुष्यात पडझडही झाली. अमली पदार्थाच्या सेवनावरून १९९० साली लीगने त्याला वर्षभरासाठी निलंबित केले. मुदत संपण्यापूर्वीच १९९१ मध्ये तो परत आला. नंतर तो टोरंटो, बफेलो, लॉस एंजेलिस, सेंट लुईस आणि कॅलगरी या संघांकडून खेळला. संपला असे लोक म्हणत असताना १९९५-९६ च्या हंगामात सेंट लुईसकडून तो ७९ सामन्यांत उतरला. एका हंगामात इतके सामने त्यापूर्वी कोणताही गोलरक्षक खेळला नव्हता. १९९९ साली त्याने चारशेवा विजय नोंदवला. २००३ साली हॉकी हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला.

या सगळ्या वैभवात १९९३ सालची एक घटना आहे. पाच कप जिंकलेल्या या माणसाला बफेलोजवळच्या एका गोल्फ क्लबाने सभासदत्व नाकारले. अर्जातील माहितीत चुका आहेत, असे कारण दिले गेले. बोभाटा झाल्यावर क्लबाने माफी मागितली. कारण नेहमी असेच कागदी असते. आपल्याला भाड्याने खोली नाकारणारा घरमालकही जातीचे नाव घेत नाही, पाहुणे येणार आहेत असे सांगतो.

येथे आपल्या पळवणकर बाळूंची आठवण अपरिहार्य आहे. चांभार कुटुंबातले हे गोलंदाज पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात मैदानाची कामे करीत आणि जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी टाकीत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, आणि तेही भावंडांनी अन्यायाविरुद्ध उघड निषेध केल्यानंतर. पुढे बाळू डॉ. बाबासाहेबांच्या विरोधात १९३७ ची निवडणूक लढले व हरले. त्या राजकारणाशी आपले मतभेद असू शकतात. पण त्यामुळे मैदानावरचा त्यांचा अपमान पुसला जात नाही.

वर्ण आणि जात एकच आहेत असे मी म्हणत नाही. फ्यूरला गोऱ्या आईबापांनी पोटच्या पोरासारखे वाढवले. अस्पृश्याचे मूल सवर्णाच्या घरात असे वाढल्याची उदाहरणे आपल्याकडे किती सापडतील? रंग डोळ्यांना दिसतो, जात आडनाव विचारून शोधून काढावी लागते, आणि ती शोधण्याचे कष्ट आपला समाज आनंदाने घेतो. तरीही दोन्हीकडे एक नियम समान दिसतो. कष्टकऱ्याचे हात व्यवस्थेला हवे असतात. त्या हातांचा माणूस पंगतीला मात्र नको असतो.

म्हणून केवळ विजयांची यादी म्हणजे मुक्तीचा इतिहास नव्हे. फुलंब्री तालुक्यातले कुस्तीचे फड, कबड्डीचे संघ, सैन्यात आणि पोलिसांत जाऊन खेळलेली आपली पोरे यांची नोंद कोणीतरी केली पाहिजे. जुनी माणसे हयात आहेत तोवर त्यांना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. संघात कोणाला घेत होते? कर्णधार कोण होत असे? आणि सामना संपल्यावर जेवायला कोणाला कोठे बसवत होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोन उत्तरांवर विसंबू नये.