पाकशब्द (शब्दकोड्यांतील)

स्वयंपाक, खाद्यपदार्थ, भांडी आणि रांधण्याच्या क्रिया यांचे वाचक असलेले व आडव्या-उभ्या शब्दकोड्यांत उत्तर म्हणून येणारे शब्द. मूळच्या संस्कृत ‘पाक’ या शब्दाला शिजवणे व साखरेचा पाक हे अर्थ आहेत आणि फारसीतून आलेल्या ‘पाक’चा अर्थ पवित्र, निर्मळ असा होतो, त्यामुळे या गटाचे नावच मुळात कोड्यात घालण्याजोगे आहे.

आर्थर विन याने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात 21 डिसेंबर 1913 रोजी छापलेल्या पहिल्या शब्दकोड्यात एका घरात एक रोमन अक्षर होते. मराठी कोड्याच्या घरात मात्र काना-मात्रा-वेलांटीसह पूर्ण अक्षर बसते आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते, म्हणून आडवा व उभा शब्द जेथे छेदतात तेथे व्यंजनाबरोबर स्वरचिन्हही जुळावे लागते. ‘पोहे’ दोनच घरांचे असले, तरी त्यातल्या ‘पो’वरून दुसरा शब्द नेताना निवड आखडते, उलट ‘वरण’, ‘रस’, ‘खल’ यांसारखे बिनकान्यामात्र्याचे शब्द कोणत्याही कोपऱ्यात सहज रुजतात. त्यातही ‘खल’ म्हणजे बत्त्याचा जोडीदार, दुष्ट माणूस आणि लांबलेली चर्चा, तर ‘सार’ म्हणजे आमसुलाचे पातळ कालवण आणि ग्रंथाचा गाभा; अशा शब्दांवर शोधसूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारा संकेत, हवे तसे वळवता येते.

नाशिक जिल्ह्याच्या बोलण्यात आणि व्यवहारात असे अनेकार्थी शब्द मुबलक आहेत. ‘चाळ’ हा त्यांतला सर्वांत गुणी म्हणावा लागेल. पीठ चाळण्याची आज्ञा, भाडेकरूंच्या खोल्यांची रांग, नर्तकीच्या पायांतील घुंगरांचे चाळ आणि निफाड, येवला, चांदवड भागांत उन्हाळी कांदा साठवण्यासाठी जमिनीपासून उंच, वारा खेळता राहील अशी बांधलेली कांदाचाळ, एवढे चार अर्थ दोन घरांत मावतात. ‘पात’ कांद्याची असते, तशीच खुरपणीत मजुराने धरलेली ओळही पातच असते. बागलाणात व लगतच्या खानदेशात पुरणाचे मांडे ज्या उपड्या मातीच्या भांड्यावर भाजतात ते ‘खापर’ दुसऱ्याच्या माथी फोडलेही जाते आणि पणजोबांच्या मागच्या पिढीला, खापरपणजोबांना, नावही पुरवते. ‘पंचामृत’ देवघरात दूध, दही, तूप, मध व साखर यांचे असते, तर पानात डाव्या बाजूला वाढले जाणारे पंचामृत मिरची, तीळ, शेंगदाणे, चिंच आणि गुळाचे असते. त्यातले ‘अमृत’ घेतले, तर नाशिकहून प्रसिद्ध झालेले त्या नावाचे डायजेस्ट मासिक हेही शोधसूत्र होऊ शकते.

नाम आणि क्रियापद यांची रूपे एक झालेले शब्द हा निराळा वर्ग होय. ‘जाते’ दळते आणि निघूनही जाते. ‘लाटणे’ पोळीसाठी हवे असते आणि दुसऱ्याची जमीन बळकावण्यासही म्हणतात. ‘मिसळ’ नाशिककरांची न्याहारी असून एकवचनी आज्ञाही आहे. ‘पोहे’ हे रीतिभूतकाळातले रूपही ठरते, म्हणून ‘तो गोदावरीत रोज असे करी’ हे त्याचे शोधसूत्र चालते. अशी शोधसूत्रेच खरी सरस असतात, ‘एक खाद्यपदार्थ’ एवढेच सांगणारे शोधसूत्र हा कोडेकाराचा आळस होय.

ऱ्हस्व-दीर्घाचाही येथे संबंध येतो. ताक घुसळण्याची ‘रवी’ पूर्वीपासून दीर्घ, पण सूर्यवाचक तत्सम ‘रवि’ 1962 च्या लेखननियमांनुसार स्वतंत्रपणे लिहिताना दीर्घान्त झाला आणि तेव्हापासून दोहोंना तीच दोन घरे पुरतात. ‘रविवार’ या समासात मात्र वेलांटी पहिलीच राहते.

एका शोधसूत्राला दोन उत्तरे बसणे हा कोड्यातला दोष. ‘जेवताना समोर हवे’ आणि पहिले घर ‘ता’, तर ‘ताट’ की ‘ताक’, हे तर्काने ठरत नाही. रोख बक्षिसांच्या कोड्यांत याच संदिग्धतेमुळे कौशल्याची जागा नशिबाने घेतली. मुंबई राज्याने 1948 मध्ये व केंद्राने 1955 मध्ये अशा स्पर्धांवर कायदे केले. केंद्रीय कायद्याने महिन्याच्या बक्षिसांची मर्यादा 1,000 रुपये ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यांत जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले.

नव्या स्वयंपाकघरातील शब्द कोड्यात तितकेसे रुळत नाहीत. ‘पाटा’ व ‘वरवंटा’ यांच्या घरांतून उभे शब्द सहज निघतात, पण ‘मिक्सर’मधल्या ‘क्स’पासून सुरू होणारा मराठी शब्द नाही आणि त्या घरात संपणारे शब्द शोधले, तर ‘फॅक्स’, ‘बॉक्स’ यांच्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही.