दगड लागला की आधी काय मोडायचं? रोटाव्हेटरच्या एका बोल्टाचा इतिहास



पावसाळा तोंडावर आलाय. राब भाजून झाले, आता रोटाव्हेटर शेडमध्ये काढलाय. दरवर्षी चिखलणीच्या आधी त्याची डागडुजी मी घरीच करतो. परवा गावातला एक पोरगा आला. म्हणाला, "काका, पीटीओ शाफ्टचा शिअर बोल्ट सारखा तुटतोय. त्याच्या जागी सळई घालून वेल्ड मारून टाकू का? कटकटच मिटेल."

मी म्हटलं, बस जरा. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. ही चूक मी स्वतः करून बसलोय, आणि हा प्रश्न रोटाव्हेटरपेक्षा फार जुना आहे.

माझ्या आज्याचा नांगर लाकडी. आपल्या चौक, खालापूर, कर्जत भागात खाचराला दगड नवीन नाही. डोंगराचं पाणी दरसाल नवे गोटे आणून टाकतं. फाळ गोट्याला अडला की बैल थांबायचे. नाहीच थांबले तर जुवाचा दोर तुटायचा, फार तर इसाड तडकायची. दोर तिथंच बांधायचा, इसाड सुतार करून द्यायचा, फाळाला लोहार पाणी द्यायचा. सुगीला खळ्यावर त्यांचं बलुतं मोजायचं. म्हणजे बघा, सगळ्यात स्वस्त वस्तू आधी जायची आणि सगळ्यात महाग वस्तू, म्हणजे बैलजोडी, वाचायची. हे कुणी कागदावर मांडलं नव्हतं, पण हिशेब पक्का होता.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष भिनतं असं लोक म्हणायचे, त्यामुळे आधी गिऱ्हाईकच मिळेना. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आधाराने कारखाना कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर गेला. तीच आजची किर्लोस्करवाडी. या नांगराने जमीन खोल उलटली, पण दुरुस्तीची रीतही बदलली. ओतीव बिडाचा भाग तुटला तर तो गावच्या भात्यावर सांधत नाही. तो सोडवायचा आणि नवा बसवायचा. सुटा भाग, नट, पान्हा ही भाषा नांगरापाठोपाठ शेतकऱ्याच्या घरात आली. तरी ओढायला बैलच होते. दगड लागला की थांबणारे.

ट्रॅक्टर थांबत नाही. खरी गोची इथून सुरू झाली.

सुरुवातीच्या काळात विलायतेत आणि अमेरिकेत नांगर दगडाला किंवा खोडाला अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायचं आणि तो मागे उलटायचा. माणसं खाली सापडून मेली. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याने औजार तीन ठिकाणी जोडायची आणि हायड्रॉलिकवर उचलायची पद्धत बसवली. १९३६ साली त्याचा तसा ट्रॅक्टर बाजारात आला, १९३९ साली फोर्डनेही ती घेतली. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे तीच तीन टोकं आहेत. त्यातली खुबी अशी की औजार जोरात अडलं की मागच्या चाकांवरचा भार हलका होतो, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्टर उलटत नाही. बैलाचं थांबणं त्याने यंत्रात आणलं म्हणा ना.

पण रोटाव्हेटर नुसता ओढला जात नाही, तो इंजिनाच्या जोरावर फिरतो. याची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या ऑर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या पोराची. १९१२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गिलगांड्रा इथं वडिलांच्या शेतावर त्याने वाफेच्या ट्रॅक्टरचा फेरा घेऊन फिरती कुदळ चालवून बघितली. पहिल्या पात्यांनी माती बाजूला उडायला लागली. मग त्याने पात्याला काटकोनी वाक दिला, म्हणजे आजचं आपलं एल आकाराचं पातं. १९२० साली पेटंट घेतलं, १९२२ साली कंपनी काढली. बापाच्या शेतावर खटपट करतच हे यंत्र जन्माला आलं, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे १९६३ साली मुंबईत कांदिवलीला महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टर कारखाना काढला. पीटीओ शाफ्ट बाजारात रुजवण्यात याच अमेरिकन कंपनीचा मोठा हात होता. आमच्या खाचरात मात्र रोटाव्हेटर पुष्कळ उशिरा आला. घरच्या घरी वेल्डिंगचंही तसंच. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, पण वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. पुढे खोपोली, रसायनी पट्ट्यात कारखाने आले. तिथं आमची पोरं फिटर, वेल्डर झाली आणि ते हुन्नर सुट्टीच्या दिवशी गावात यायला लागलं. लोहाराचा भाता विझला, त्याच्या जागी वेल्डिंगचं मशीन आलं.

आता बोल्टाकडे येऊ. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला ९. पातं गोट्यात अडकलं तरी इंजिनाला ते कळत नाही, ते रेटतंच. तो रेटा कुठंतरी निघणारच. म्हणून शाफ्टवर मुद्दाम कमजोर बोल्ट ठेवलेला असतो. थंड मुलखात ट्रॅक्टरला जोडून बर्फ फेकायचं यंत्र चालवतात, त्यातही हाच बोल्ट असतो. आपल्याला गोटा, त्यांना बर्फाचं ढेकूळ. आज्याच्या नांगराचा दोर तो हाच.

२०१३ च्या आषाढात माझा हा बोल्ट एका दिवसात तीनदा तुटला. वर ढग, रोपं पंचवीस दिवसांची, मजूर उद्याचे सांगितलेले. चौथ्यांदा मी हायटेन्साइल बोल्ट ठोकला. बोल्ट नाही तुटला. संध्याकाळी गिअरबॉक्समधून कडकड आवाज आला, क्राऊन-पिनियनचे दात गेले. दुरुस्तीला १८ हजार आणि अकरा दिवस. लावणी लांबली, रोपं जून झाली, फुटवे कमी आले आणि एकरी चार-पाच पोती भात कमी झालं. पन्नास रुपयांचा बोल्ट वाचवायला गेलो होतो.

म्हणून पोराला सांगितलं ते असं.

बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिला आहे त्याच मापाचा, त्याच ग्रेडचा टाक. डोक्यावर आकडा असतो. ८.८ पेक्षा १०.९ चा बोल्ट सव्वापट ताकदीचा, १२.९ चा दीडपट. ८ मिमीऐवजी १० मिमी घातला तर दीडपटीच्याही वर. दोन्ही केलं तर गिअरबॉक्सची राखण गेली. दहा-बारा बोल्ट डब्यात ठेव.

सारखा तुटत असेल तर कारण शोध. बोल्टाचं भोक झिजून लांबट झालंय का? मग बोल्ट सैल हलतो आणि लवकर कापला जातो. पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर फार उंच उचलतोस का? इंजिन रेस करून पीटीओ लावतोस का? आणि सगळ्यात आधी, उन्हाळ्यात खाचरातले गोटे वेच.

मजबुती करायची ती फ्रेमला आणि तीन टोकांच्या पट्ट्यांना. चीर गेली असेल तर दोन्ही टोकांना बारीक भोक पाड, म्हणजे चीर पुढे पळत नाही. ग्राइंडरने खाच करून, ७०१८ चा कोरडा रॉड वापरून भर. वर पट्टी मारायची तर कोपरे गोल कर. वेल्डिंगची अर्थ वेल्डच्या जवळच लाव, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन बेअरिंग खराब होतं. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला असेल तर बॅटरीची वायर काढ. पात्यांना मात्र वेल्ड मारू नकोस. त्यांचं पाणी उतरतं आणि वेल्डच्या कडेलाच ती तुटतात. पातं बदलायचं.

शेवटचं. खाली शिरताना ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, आणि रोटाव्हेटरखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर जाऊ नकोस. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकू नकोस. एका सेकंदात दोन मीटर कापड गुंडाळलं जातं आणि कापडाबरोबर माणूस जातो. तिथं मोडायला कुठला बोल्ट नसतो.

पोरगा चहा पिऊन गेला. काल बघितलं, त्याने शाफ्टची लांबट भोकं भरून नव्याने ड्रिल करून घेतलीत आणि बोल्ट ८.८ चाच घातलाय.

तुमच्याकडे चिखलणीत आधी काय मोडतं आणि तुम्ही काय करता, ते खाली लिहा. आमच्याही उपयोगी पडेल.